आधी च्वांगत्से, मग लाओत्से

आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण जमतो आणि पुस्तकातलं एखादं प्रकरण मोठ्याने वाचतो. गेले बरेच महिने ताओ या जुन्या चिनी विचाराची पुस्तकं चालू आहेत. त्यामुळे ‘ताओवर काय वाचावं, सुरुवात कुठून करावी’ असं लोक मला विचारतात. प्रत्येकाला तोंडी सांगताना काही ना काही राहून जातं. म्हणून जे जसं घडलं तसं लिहून काढलंय. मी चिनी शिकलेलो नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर वाचायला लागलो. इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश, शेजारी शब्दकोश ठेवून. हे आधीच सांगतो. पुढे मी एखादं पुस्तक सोपं किंवा जड म्हणालो, तर ते या मापाने धरावं.

निवृत्तीनंतर वर्षभरात ही गेली. मुलगा बंगळूरला. सकाळ कामात जायची, दुपारनंतर घर खायला उठायचं. टीव्ही लावायचो आणि बघायचो नाही. तेव्हा कंपनीतले एक जुने सहकारी भेटायला आले आणि जाताना एक जाडजूड हिंदी पुस्तक ठेवून गेले. ‘ताओ उपनिषद’चा पहिला भाग. “वाचून बघा, आवडलं तर पुढचे भाग आणून देतो,” एवढंच म्हणाले.

आपल्याकडे अनेकांची लाओत्सेशी ओळख याच वाटेने होते. ओशोंनी, तेव्हाच्या रजनीशांनी, १९७१ मध्ये मुंबईत लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथावर हिंदीतून बोलायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये पुण्यात ती मालिका संपवली. एकूण १२७ प्रवचनं. ताओचा दुसरा जुना लेखक च्वांगत्से, त्याच्यावर ते १९७४ मध्ये पुण्यातच इंग्रजीतून बोलले, त्याचं पुस्तक ‘द एम्प्टी बोट’. ‘ताओ उपनिषद’ची हिंदी ओघवती आहे. गोष्टी भरपूर. त्या दुपारी मला त्या पुस्तकाने सोबत केली, हे मी विसरणार नाही. ज्यांना इंग्रजी अवघड जातं त्यांनी आजही तिथूनच सुरुवात करायला हरकत नाही.

पण दुसऱ्या भागाच्या मध्यावर मला एक अडचण जाणवायला लागली. ‘ताओ ते चिंग’ मुळात ८१ छोट्या प्रकरणांचं पुस्तक. सगळं मिळून सुमारे ५,००० चिनी अक्षरं. एका संध्याकाळी वाचून होईल एवढं. त्यावर हजारो पानांचं बोलणं. यात लाओत्सेचं किती आणि बोलणाऱ्याचं किती, हे मला वेगळं काढता येईना. मूळ मजकूर एकदा नुसता, कोणाच्या बोलण्याशिवाय वाचावा असं वाटायला लागलं.

म्हणून ऑनलाइन शोधलं आणि सगळ्यात स्वस्त होतं ते इंग्रजी पुस्तक मागवलं. मुखपृष्ठावर डोंगर आणि धुकं. आत अनुवादकाचं नाव नाही, प्रस्तावना नाही, एक टीप नाही. इंग्रजी जुन्या वळणाचं. मधूनच यमकं जुळवलेली. चार-पाच प्रकरणांनंतर मी ते मिटून ठेवलं. हे आपल्यासाठी नाही असंच वाटलं होतं.

दिवाळीत भाची आली. ती विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवते. तिने पुस्तक उघडलं, नावाच्या पानाची मागची बाजू पाहिली आणि म्हणाली, “मामा, हा जेम्स लेगचा अनुवाद आहे. १८९१ चा. याचे हक्क कधीच संपलेत, कोणीही छापतं. हा नेटवर फुकट मिळतो.” लेग हे स्कॉटिश मिशनरी, पुढे ऑक्सफर्डमध्ये चिनीचे पहिले प्राध्यापक झाले. मॅक्सम्युलरांच्या संपादनाखाली ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ ही जी ग्रंथमाला निघाली, जिच्यात आपली उपनिषदंही आहेत, तिचे ३९ आणि ४० हे खंड त्यांचे. लेग यांची एक चांगली सवय होती. मुळात नसलेला शब्द अर्थासाठी घालावा लागला की ते तो कंसात टाकत. माझ्या प्रतीच्या प्रकाशकाने ते कंसच काढून टाकले होते. भाचीने मूळ पान मोबाइलवर काढून शेजारी धरलं, तेव्हा दिसलं की काही ओळींत निम्मे शब्द कंसातले होते. मी जे लाओत्सेचं म्हणून वाचत होतो ते तिथे लेग यांचं होतं.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. पुस्तक घेण्याआधी अनुवादक बघतो. नाव नसेल तर ते पुस्तक घेत नाही. नाव असेल तर त्या माणसाला चिनी येत होतं का, हे प्रस्तावनेत शोधतो. न येणाऱ्यांचीही चांगली पुस्तकं आहेत, त्याबद्दल पुढे सांगतो. पण आपल्या हातात काय आहे ते माहीत असावं.

भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली, तिने माझे बरेच पैसे वाचवले. चिनी नावं रोमन लिपीत लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, एक जुनी आणि एक नवी. त्यामुळे जुन्या पुस्तकांतला लाओत्से आणि नव्या पुस्तकांतला लाओझी एकच. च्वांगत्से आणि झुआंगझी एकच. ‘ताओ ते चिंग’ आणि ‘दाओ द जिंग’ एकच. वाचनालयाच्या यादीत शोधताना दोन्ही स्पेलिंग टाकून बघावी. आमच्या यादीत जुन्या स्पेलिंगखाली एक चांगलं पुस्तक वर्षानुवर्षं कोणी न नेता पडून होतं.

ते पुस्तक म्हणजे डी. सी. लाऊ यांचा अनुवाद, पेंग्विनने १९६३ मध्ये काढलेला. भाषा कोरडी आहे, पण सरळ. माझ्यासारख्याला शब्दकोश फारसा उघडावा लागत नाही. प्रस्तावनेत मात्र मला धक्का बसला. लाओत्से नावाचा एक माणूस खरोखर होऊन गेला आणि त्याने हे पुस्तक लिहिलं, असं मानायला पुरेसा आधार नाही, असं लाऊ म्हणतात. त्यांच्या मते हा जुन्या वचनांचा संग्रह आहे. आपल्याला गोष्ट ठाऊक असते ती अशी: लाओत्से चौ राजांच्या दप्तरखान्यात होता, राज्याची पडझड पाहून निघाला, खिंडीतल्या नाकेदाराने थांबवलं आणि जाण्याआधी काही लिहून द्या म्हणाला. ही गोष्ट स-मा छिएन या इतिहासकाराने इ.स.पू. १०० च्या सुमारास लिहिली. पण त्यानेच त्याच प्रकरणात लाओत्से म्हणजे नक्की कोण, याबद्दल दोन-तीन वेगळ्या माणसांची नावं दिली आहेत. म्हणजे तेव्हाही खात्री नव्हती. मला काही दिवस वाईट वाटलं. तो म्हातारा आणि तो नाकेदार मला आवडायला लागले होते.

मग भाचीने मला जमिनीतून निघालेल्या प्रतींबद्दल सांगितलं आणि माझी रुची परत आली. १९७३ मध्ये हुनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगदुई इथे एक कबर उघडली. ती इ.स.पू. १६८ मध्ये बंद केलेली. तिच्यात रेशमावर लिहिलेल्या ‘ताओ ते चिंग’च्या दोन प्रती निघाल्या. पुढे १९९३ मध्ये हुबेई प्रांतात ग्वोदियान इथल्या कबरीत बांबूच्या पट्ट्या सापडल्या, त्याहूनही जुन्या, इ.स.पू. ३०० च्या आसपासच्या. त्यांवर आजच्या पुस्तकातला निम्म्याहून कमी मजकूर आहे आणि क्रमही निराळा. रेशमी प्रतींत तर पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग आधी येतो. आज जे ३८ वं प्रकरण आहे तिथून सुरुवात. रॉबर्ट हेन्रिक्स यांनी या रेशमी प्रतींचा अनुवाद १९८९ मध्ये केला.

हे वाचून मी सरळ ३८ व्या प्रकरणापासून वाचायला घेतलं, आणि ज्यांना हे पुस्तक बंद दारासारखं वाटतं त्यांना मी हेच सांगतो. पहिलं प्रकरण सगळ्यात अवघड आहे. बहुतेक लोक तिथेच थकतात. उत्तरार्ध जमिनीवरचा आहे. त्यात राज्य कसं करावं ते येतं. मोठं राज्य चालवणं म्हणजे लहान मासे शिजवणं, सारखं उलथायचं नाही, हे ६० व्या प्रकरणात आहे. ७५ व्यात म्हटलंय की लोक उपाशी राहतात कारण वरचे लोक कराच्या रूपाने फार खातात. पूर्वार्धातच, पण ३१ व्या प्रकरणात, युद्ध जिंकलं तरी तो प्रसंग अंत्यविधीसारखा पाळावा असं येतं. मी ताओ म्हणजे डोंगरावर एकटं बसणं समजत होतो. हे पुस्तक लढाया, कर आणि भूक पाहिलेल्या लोकांनी लिहिलंय, हे मला तेव्हा कळलं.

तरीही खरं सांगायचं तर लाओत्से मला लांबच राहिला. सगळी वचनं पटायची, पण माणूस दिसायचा नाही. तो दिसला च्वांगत्सेच्या पुस्तकात. म्हणूनच मी आता सगळ्यांना आधी च्वांगत्से वाचा म्हणतो.

‘च्वांगत्से’ हे ३३ प्रकरणांचं पुस्तक. पहिली ७ आतली म्हणतात, पुढची १५ बाहेरची आणि शेवटची ११ संकीर्ण. आतली सात स्वतः च्वांगत्सेची असावीत, बाकी त्याच्या मागून आलेल्यांनी भर घातलेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आजचं रूप क्वो शियांग या संपादकाने दिलं, तो इ.स. ३१२ मध्ये वारला. बर्टन वॉटसन यांचा संपूर्ण अनुवाद १९६८ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने काढला, आणि २०१३ मध्ये तोच नव्या स्पेलिंगसह पुन्हा. कुठलाही चालेल. इंग्रजी इतकं मोकळं की शनिवारी मी वाचता वाचता मराठीत सांगू शकतो. तत्त्वज्ञानाचं पुस्तक म्हणावं तर त्यात कुबडे, लंगडे, सुतार, खाटीक, पोहणारे, माकडवाले, बोलणाऱ्या कवट्या. राजे येतात ते बहुधा काहीतरी शिकायला.

तेराव्या प्रकरणात पिएन नावाच्या चाकं करणाऱ्या सुताराची गोष्ट आहे. वर दिवाणखान्यात राजा पुस्तक वाचतोय, खाली अंगणात म्हातारा चाक तासतोय. तो पटाशी-हातोडा खाली ठेवून वर जातो आणि विचारतो, महाराज काय वाचताय. राजा म्हणतो, थोर ज्ञानी लोकांचे शब्द. जिवंत आहेत का ते? नाही, वारले. मग महाराज जे वाचताय तो त्यांचा गाळ आहे. राजा चिडतो. नीट कारण सांग, नाहीतर मरशील. सुतार म्हणतो, मी माझ्या कामावरून बोलतो. घाव फार हलका पडला तर सांधा ढिला होतो, धरत नाही. फार जोराचा पडला तर घट्ट होतो, बसत नाही. ना हलका ना जोराचा, ते हाताला कळतं आणि मनाला उमगतं, तोंडाने सांगता येत नाही. मला ते माझ्या मुलाला शिकवता आलं नाही. म्हणून सत्तरी आली तरी मीच चाकं तासतोय.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ तसाच बसलो. टूलरूममध्ये मी नवीन होतो तेव्हा एका जुन्या फिटरने मला स्क्रेपिंग शिकवलं होतं. सरफेस प्लेटला निळी शाई लावायची, त्यावर जॉब घासायचा, जिथे शाई लागते तो उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. किती दाबायचं, कुठल्या कोनात धरायचं, हे मी त्यांना रोज विचारायचो. त्यांना सांगता यायचं नाही. शेवटी त्यांनी माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवली आणि तसाच हात चालवला. काही आठवड्यांनी एक दिवस स्क्रेपरचा आवाज बदलला. ते दुसऱ्या मशीनवर होते, तिथून त्यांनी मान वळवून पाहिलं. पुढे मी किती मुलांना शिकवायचा प्रयत्न केला. काहींना आलं, काहींना नाही, आणि का ते मला आजही सांगता येणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी माणसाला हे ठाऊक होतं आणि त्याने ते लिहून ठेवलं, याचा मला फार आनंद झाला. घरात सांगायला कोणी नव्हतं. भाचीला फोन केला.

आमच्या गटात एक मुलगा येतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्याने विचारलं, “काका, ताओत काही न करणं हेच थोर म्हणतात ना? मग मी अभ्यास कशाला करतोय?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नव्या वाचकाला पडतो. त्याचं उत्तर लाओत्सेच्या वचनांत शोधण्यापेक्षा च्वांगत्सेचं तिसरं प्रकरण वाचावं. तिंग नावाचा खाटीक राजासमोर बैल कापतो. त्याची सुरी १९ वर्षं तीच आहे आणि पाती नुकती धार लावल्यासारखी. सामान्य खाटकाला महिन्याला नवी लागते कारण तो हाडावर आपटतो. तिंग सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतून सुरी नेतो. पण आम्ही त्या मुलाला दाखवली ती पुढची ओळ. गुंतागुंतीची गाठ आली की तिंग थांबतो, नजर रोखतो, हात अगदी हळू करतो. म्हणजे १९ वर्षांनंतरही अवघड जागी तो सावध होतो. वर्षानुवर्षं केलेलं काम आहे, आळस त्यात कुठे नाही. त्या मुलाला मी एडवर्ड स्लिंगरलँड यांचं ‘ट्राइंग नॉट टू ट्राय’ही दिलं, २०१४ चं. ते चिनी विचारांचे अभ्यासक आहेत आणि याच एका प्रश्नावर त्यांनी सोप्या भाषेत पुस्तक लिहिलंय.

आता अठराव्या प्रकरणाबद्दल. हे मी टाळत होतो. कोणीतरी मला आधीच सांगितलं होतं की बायको वारल्यावर च्वांगत्से भांडं बडवत गात बसला. मला ते वाचायचं नव्हतं. दुःख करू नका, असं सांगणारे खूप भेटले होते. व्हॉट्सअॅपवर लाओत्सेच्या नावाने एक वचन फिरतं, खिन्न माणूस भूतकाळात जगतो आणि चिंता करणारा भविष्यात, अशा आशयाचं. ही गेल्यावर ते मला कितीतरी जणांनी पाठवलं. पुढे मी ८१ प्रकरणं पुन्हा पुन्हा वाचली. ते वचन त्यात कुठेही नाही. तेव्हापासून प्रकरणाचा आकडा नसेल तर लाओत्सेचं वचन मी पुढे पाठवत नाही.

शेवटी शनिवारी ते प्रकरण वाचायची पाळी आलीच. मित्र हुई-त्से समाचाराला येतो. पाहतो तर च्वांगत्से पाय पसरून बसलाय, भांडं वाजवतोय, गातोय. मित्र म्हणतो, तिने तुझ्याबरोबर संसार केला, मुलं वाढवली, म्हातारी झाली. रडला नाहीस हेच पुष्कळ झालं, गाणं म्हणजे अतीच. लोक गोष्ट सांगतात ती इथवर. पण च्वांगत्सेचं उत्तर सुरू होतं ते असं, की ती गेली तेव्हा मलाही इतरांसारखंच दुःख झालं, नाही कसं होईल. त्यानंतर तो सांगतो की मग मी तिच्या जन्माच्याही आधीचा विचार केला, ऋतू बदलतात तसं हे येणं-जाणं पाहिलं. म्हणजे गाणं नंतर आलं, दुःख आधी होतं आणि तो ते नाकारत नाही. आवाज नीट लागेना म्हणून ते पान मी शेजारच्या बाईंना वाचायला दिलं.

त्याच पुस्तकात चोविसाव्या प्रकरणात आणखी एक प्रसंग आहे, तो फारसं कोणी सांगत नाही. हाच मित्र हुई-त्से पुढे मरतो. च्वांगत्से त्याच्या थडग्यावरून जाताना बरोबरच्यांना एक गोष्ट सांगतो. एका माणसाच्या नाकाच्या शेंड्यावर माशीच्या पंखाइतका पातळ चुना लागायचा आणि त्याचा सुतार मित्र कुऱ्हाड फिरवून तो अलगद उडवायचा. नाकाला ओरखडा नाही, आणि तो माणूस जागचा हलायचा नाही. राजाने सुताराला बोलावलं, माझ्यासमोर करून दाखव म्हणाला. सुतार म्हणाला, पूर्वी करायचो, पण ज्याच्यावर करायचो तो केव्हाच गेला. च्वांगत्से म्हणतो, हुई-त्से गेल्यापासून माझंही असंच आहे, मला बोलायला कोणी उरलं नाही. भांडं वाजवणारा आणि हे बोलणारा माणूस एकच आहे. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचावीत. ज्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्यांना मी पुस्तक देतो तेव्हा चोविसाव्यात खूण घालून देतो. अठरावं त्यांचं त्यांनी, वाटेल तेव्हा.

च्वांगत्सेचं दुसरं प्रकरण, ज्यात फुलपाखराचं प्रसिद्ध स्वप्न आहे, ते सर्वांत अवघड. पहिल्या वाचनात सोडून द्यावं. पहिलं, तिसरं, चौथं वाचावं, मग १७, १८, १९, आणि मग मागे यावं. दुसऱ्यासाठी दोन पुस्तकं उपयोगी पडली. ए. सी. ग्रॅहम यांचं १९८१ चं, जे जड आहे पण प्रत्येक वाक्यावर थांबतं. आणि ब्रूक झिपोरिन यांचं, ज्यात चिनी भाष्यकार काय म्हणाले ते दिलंय. जुन्या भाष्यकारांची मदत लाओत्सेलाही होते. रेड पाइन या नावाने लिहिणारे बिल पोर्टर यांच्या अनुवादात प्रत्येक प्रकरणाखाली वेगवेगळ्या शतकांतल्या भाष्यकारांचे निवडक उतारे आहेत. त्यांतला वांग पी हा इ.स. २४९ मध्ये वयाच्या तेविशीत वारला, आणि आजवर लोक ‘ताओ ते चिंग’ वाचतात ते बहुतांशी त्याच्या प्रतीवरून.

च्वांगत्से झाल्यावर मी लाओत्सेकडे परतलो आणि तेव्हा तो जवळचा वाटला. दोन अनुवाद शेजारी ठेवून, रोज एक प्रकरण. एक लाऊ यांचा. दुसरा उर्सुला ले ग्विन यांचा, १९९७ चा. त्या कादंबरीकार. त्यांना चिनी येत नव्हतं आणि त्यांनी ते स्पष्ट सांगितलंय, जे. पी. सीटन या जाणकारांना बरोबर घेऊन त्यांनी काम केलं. त्यांच्या वडिलांकडे पॉल कॅरस यांची १८९८ ची प्रत होती. आपल्या अंत्यविधीला कोणती प्रकरणं वाचावीत, याच्या खुणा वडील त्यात करत होते, आणि पुढे ती खरंच वाचली गेली, असं त्या प्रस्तावनेत लिहितात. स्टीफन मिचेल यांचं १९८८ चं पुस्तकही असंच, इतरांचे अनुवाद समोर ठेवून केलेलं. वाचायला फार सुरेख. एकटं वाचू नये, शेजारी लाऊ किंवा हेन्रिक्स असावा. दोन्हींत फरक दिसला की वहीत लिहून ठेवायचा. माझं खरं शिक्षण त्या फरकांनी केलं.

नावात ताओ असलेली पुस्तकं खूप निघतात. फ्रिट्जॉफ काप्रा यांचं १९७५ चं ‘द ताओ ऑफ फिजिक्स’ भौतिकशास्त्र आणि पौर्वात्य विचारांबद्दल आहे, ताओ शिकण्यासाठी ते घेऊ नये. बेंजामिन हॉफ यांचं १९८२ चं ‘द ताओ ऑफ पू’ शाळकरी नातवंडांबरोबर वाचायला छान. अॅलन वॉट्स यांचं शेवटचं पुस्तक ‘ताओ : द वॉटरकोर्स वे’ त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये आलं. ते मला आवडलं. पण ही सगळी मुळानंतरची.

एवढं वाचून झाल्यावर भाची म्हणाली, “मामा, तुम्ही अजून अर्धंच वाचलंय.” ताओ हा जिवंत धर्म आहे, हे माझ्या एकाही पुस्तकात ठळकपणे आलं नव्हतं. इ.स. १४२ पासून, सिचुआनमध्ये चांग ताओलिंग यांना लाओत्सेचं दर्शन झालं असं मानतात तिथपासून, पुजाऱ्यांची परंपरा सलग चालत आली आहे. देवळं आहेत, उत्सव आहेत, मृतांसाठी विधी आहेत. १४४५ मध्ये छापलेल्या धर्मग्रंथांच्या संग्रहात सुमारे १,५०० ग्रंथ आहेत. क्रिस्टोफर शिपर हे डच अभ्यासक तैवानमधल्या ताइनान शहरात वर्षानुवर्षं राहिले आणि १९६८ मध्ये त्यांनी स्वतः ताओ पुजाऱ्याची दीक्षा घेतली. त्यांचं ‘द ताओइस्ट बॉडी’ वाचल्यावर मला वाटलं की इतके दिवस मी ज्ञानेश्वरी वाचत होतो आणि वारी असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पुस्तक सोपं नाही. पण देवाधर्माच्या घरात वाढलेल्या मराठी माणसाला ते परकं वाटणार नाही. उलट, ताओ म्हणजे देव नसलेलं शांत तत्त्वज्ञान, ही समजूतच मला आता उपरी वाटते.

भारतातल्या कोणाला या पुस्तकात रस वाटला, तो काही आजचा नाही. सातव्या शतकात कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामच्या, भास्करवर्मा राजाने ‘ताओ ते चिंग’ची संस्कृत प्रत मागितली होती. चिनी सम्राटाने ते काम भारतातून परतलेल्या युआन च्वांगवर सोपवलं. हाच प्रवासी आपल्या महाराष्ट्रातूनही गेला होता, पुलकेशीच्या काळात. ती संस्कृत प्रत आज असती तर शनिवारी सगळ्यात आधी मी ती उघडली असती.

विकत घ्यायचं एकच असेल तर वॉटसनचा संपूर्ण च्वांगत्से घ्यावा. लाऊ आणि ले ग्विन आमच्या वाचनालयात आहेत, ओळखीच्या वाचनालयातही दोन्ही स्पेलिंगखाली शोधावेत. लेग तर नेटवर कंसांसकट मिळतो. ‘ह्वाइनान्त्से’ या ग्रंथाचा २०१० चा अनुवाद भाची पाठवणार आहे. इ.स.पू. १३९ मध्ये सम्राटाला अर्पण केलेला २१ प्रकरणांचा ग्रंथ आहे तो, आणि पुस्तक फार महाग. ते वाचून झालं की त्याबद्दल सांगेन.

पुढच्या शनिवारपासून ‘लिएत्से’ सुरू करतोय, ग्रॅहम यांचा १९६० चा अनुवाद. आठ प्रकरणं आहेत. आकाश कोसळेल म्हणून झोप उडालेल्या माणसाची आणि डोंगर हलवायला निघालेल्या नव्वदीच्या म्हाताऱ्याची गोष्ट त्यातलीच. मुलांनाही आणता येईल. प्रत एकच आहे, म्हणून येताना वही-पेन आणावं आणि साडेपाचला हजर राहावं. वाचनालय सातला बंद होतं.